मंगळवारचे अकरा फोटो

इथे बर्फाळ उत्तरेत, आमच्या कूह्मोकडच्या खेड्यांत कुलपाचं फारसं कौतुक नाही. घरात कुणी नसलं की झाडू बाहेरून दाराला टेकवून ठेवायचा. तो दिसला की माणूस पायरीसुद्धा न चढता परत फिरतो. हिल्काबाईही तेच करत. चाळीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झालेल्या. मी त्यांचाच विद्यार्थी, तोही ढ. आता गावोगाव कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतो.

मार्चअखेर त्यांनी बोलावलं. शेगडीवर कॉफी उकळत होती, टेबलावर वेलदोड्याचा पाव होता.

"अरे टाउनो, मशीन रखडतंय बघ. आणि मंगळवारी मी पोहायला गेले की या स्वयंपाकघरात कुणीतरी येऊन बसतं."

मला हसू आलं.

"हस. राइमोही हसला. शुक्रवारी मला ओउलू शहरातल्या वृद्धाश्रमात नेतोय. आईचं डोकं फिरलंय म्हणतो. तुला काही सापडलं तर त्याला सांग रे. तुझं ऐकेल तो."

राइमो त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला.

सापडायला फार वेळ लागला नाही. प्रिंटरचं नाव घेऊन एक भलताच प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप सुरू होत होता. जानेवारीत गावच्या श्रमदानाची यादी म्हणून एक मेल आली होती. बाईंनी सोबतची फाइल उघडली आणि हा आत शिरला. असला प्रोग्राम काही मोडत नाही, फोडत नाही. गुपचूप एक वाट उघडी ठेवतो, आणि दूरवरचा कुणीतरी तिथून येऊन मशीन चालवतो. इथे तो कॅमेरा चालवत होता. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये अकरा फोटो होते. सगळे मंगळवारचे, दुपारी दोनचे.

फोटोंत हेच स्वयंपाकघर, रिकामं. टेबल, खुर्ची, मागे दार, आणि दाराच्या काचेतून दिसणारा बाहेरच्या झाडूचा दांडा. पहिल्या फोटोत खुर्ची टेबलाला लागून होती. तिसऱ्यात वीतभर मागे. सातव्यात मशीनकडे वळलेली. अकराव्यात काचेबाहेर दांडा दिसत नव्हता. वाऱ्याने पडला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"म्हणजे मी वेडी नाही," फोटो पाहून बाई म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. मलाही भरून आलं.

"नाही बाई. मी सांगतो त्याला."

मग नेहमीचं काम. नेटची वायर काढली. चांगल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून तपासलं. प्रोग्राम काढला, तो परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. शेवटी अख्खी डिस्क पुसून कोरी केली, सगळं नव्याने भरलं, पासवर्ड बदलले. लागण झालेल्या मशीनवरची एकही फाइल सोबत न्यायची नाही, हा माझा नियम. तो मी कधीच मोडला नव्हता, त्या दिवशीही नाही.

संध्याकाळी राइमोला फोन केला.

"फोटो पाठव की मग."

"पुसले."

"पुसले?" तो म्हणाला. "टाउनो, शाळेतही तू आईला वाईट वाटू नये म्हणून थापा मारायचास."

शुक्रवारी गाडीत बसण्याआधी बाईंनी स्वतःच्या हाताने झाडू दाराला टेकवला. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मशीन शाळेला देऊन टाक, असं राइमोने सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी ते आणायला मी बाईंच्या घरी गेलो. पायऱ्यांवरच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

बाहेर झाडू नव्हता.

काचेतून पाहिलं. झाडू आत होता. आतून दाराला टेकवलेला.

फोन वाजला. हिल्काबाई.

"राइमो म्हणाला तू घरी जाणारेस. झाडू आहे ना रे दाराला?"

"आहे."

"कुठल्या बाजूला?"

मी घाबरलो होतो. आत कुणीतरी माझं बोलणं ऐकतंय, असंच वाटत होतं.

"बाहेर," मी म्हणालो.



"मग राइमोचंच खरं असेल," त्या म्हणाल्या. "राहते मी इथेच."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता.

आतली खुर्ची दाराकडे वळलेली होती.