अखंड रेघ

दूधविनायकाच्या आसपास ड्रॉइंगच्या शिकवण्या बऱ्याच होत्या, पण प्रमोदिनीला विचाराल तर खरी एकच. प्रभावतीबाईंची! काचबिंदूनं बाईंचे दोन्ही डोळे गेले होते, आणि तरी त्यांच्याइतकं नीट चित्र अख्ख्या बनारसात कुणी बघत नसेल.

बाई कागद मांडीवर उलटा घ्यायच्या. कडक पेन्सिलीची रेघ मागच्या बाजूनं उठून येते, तिच्यावरून बोटं फिरवायच्या.

"गोल छान आलाय. पण जिथून निघालीस तिथे परत पोचताना घाबरलीस."

बघावं तर नेमकी तिथेच रेघ कापरी! पंधरा वर्षांच्या प्रमोदिनीला टाळ्या वाजवाव्याशा वाटत. शाळेतून ड्रॉइंगच्या परीक्षेला एकच मुलगी जाणार होती, आणि शाळा बाई सांगतील तिलाच पाठवायची. गोल झाले, लोटा झाला, खोकं झालं. उरल्या सरळ रेघा.

"राजा घाटावर बस आणि नुसत्या पायऱ्या काढ," बाई म्हणाल्या. "माणसं नकोत, नावा नकोत. या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघा. आणि खोडायचं बिलकुल नाही."

सकाळच्या उन्हात घाटाचा तो भाग रिकामा होता. वरच्या पायरीवर बसून प्रमोदिनीनं झरझर पायऱ्या काढल्या आणि पळतच बाईंकडे आली.

बाईंची बोटं कागदाच्या तळाशी थांबली. पुन्हा फिरली.

"वा गं! न काढता काढलीस की. मला उभ्या जन्मात हे जमलं नाही."

"काय, बाई?"

"ही बसलेली. डोक्यावरून पदर, गुडघ्यांना मिठी."

"सच्ची सांगते बाई, मी फक्त पायऱ्या काढल्यात!"

तिनं कागद सुलटा केला. पाण्याजवळच्या रेघा मध्येच थांबल्या होत्या, आणि थोडी जागा सोडून पुन्हा सुरू झाल्या होत्या. मधल्या कोऱ्या कागदाला डोकं होतं. खांदे होते.

"हात का उचललास?" बाईंनी विचारलं.

घाटावर कुणीच नव्हतं. हात आपोआप उचलला गेला होता. बसलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही, हे घरी लहानपणापासून शिकवलेलं. पाय जसा न सांगता वळसा घेतो, तसा.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर कोरी जागा घाटाच्या मध्यावर होती. त्याच्या पुढच्या दिवशी पार वर, प्रमोदिनी बसायची त्या पायरीच्या अगदी खाली.

"मान वर केलीय आज तिनं," बाई कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांनी कागद खाली ठेवला. "सुंदर आहे, पण परीक्षेत सरळ रेघ मागतात. तू मनगटातून ओढतेस, म्हणून अडतेस. खांद्यातून ओढ. पेन्सिलीच्या टोकाकडे बघू नकोस, रेघ जिथे पोचायचीय तिथे बघ. मध्ये काहीही आलं तरी थांबायचं नाही."

किती सोपं करून सांगायच्या बाई!

दुसऱ्या दिवशी घाटावर प्रमोदिनीनं तसंच केलं. पहिल्या रेघा सरसर गेल्या. मग पेन्सिल जड झाली, ओल्या कापडावरून ओढावी तशी. भिजलेल्या लुगड्याचा वास आला.

तिनं नजर कागदाच्या कडेवर ठेवली आणि खांद्यातून ओढलं.

रेघ पलीकडे गेली. मग सगळ्याच गेल्या.

त्या दिवशी बाईंची बोटं कुठेच अडली नाहीत.

"एकदम अखंड! परीक्षेला तूच जाणार, प्रमोदिनी."

तिला नाचावंसं वाटलं. नमस्काराला ती वाकली.

"घाटावरून उठवलीस हो तिला," बाई हळहळल्या. "आता बिचारी बसेल कुठे?"

प्रमोदिनी वाकलेलीच राहिली. बाईंच्या सतरंजीचे निळे पट्टे त्यांच्या मांडीपासून सरळ तिच्याकडे येत होते.

मध्येच थांबत होते.

आणि थोडी जागा सोडून, तिच्या पायांशी पुन्हा सुरू होत होते.