भाड्याचा पेशंट

लाइट यायला वेळ आहे आणि इन्व्हर्टरही मेला. बसा इथेच गच्चीवर. ते मोबाइल खिशात घाला बरं, खालून उजेड पडला की तुमची तोंडंच भुतासारखी दिसतात. आणि डॉक्टरीणबाई, तू अशी जवळ ये. उद्या ॲडमिशनला निघालीस ना? काचेची इमारत, चकाचक लिफ्ट, दारात कारंजं. मग ही गोष्ट तुझ्यासाठीच. तुझ्या भावाने ऐकली तर ऐकू दे.

घडलेली गोष्ट आहे. माझ्या दवाखान्याला लागून चष्म्याचं दुकान होतं, त्या माझ्या मित्राचा मुलगा. गल्लीत सगळे त्याला टॉपर म्हणायचे. चार पर्यायांतून एक निवडायचा म्हटलं की पोरगा चुकायचा नाही. एवढंच त्याला येत होतं, पण हल्ली तेवढ्यावर डॉक्टर होता येतं.

मार्च महिना होता. दुसरा मंगळवार. टॉपर तेव्हा इंटर्न होता, म्हणजे पुस्तकं संपली, आता वर्षभर वॉर्डात राहून हाताने काम शिकायचं. सकाळी डीनने त्याला बोलावून घेतलं आणि एक काम सांगितलं. बस घेऊन जा आणि पेशंट घेऊन ये.

"ॲम्ब्युलन्स म्हणायचंय का आजोबा?"

नाही गं, बस. शाळेच्या सहलीला असते तशी. दुसऱ्या दिवशी कॉलेजचं इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शनवाले येणार, कॉलेजच्या हॉस्पिटलात प्रत्येक खाटेवर माणूस आहे का बघणार आणि मगच कॉलेज चालू ठेवायला परवानगी देणार. खाटा भरपूर होत्या, माणसं मात्र नव्हती. जिवाची काळजी असलेला कोणी तिकडे फिरकतच नसे. मग आजूबाजूच्या वस्त्यांमधून धडधाकट माणसं गोळा करायची. दिवसाची मजुरी, दोन वेळचं जेवण. आल्यावर हिरवा गाऊन चढवायचा आणि सलाइनची नळी हाताला नुसती चिकटपट्टीने डकवायची.

प्राध्यापकही तसेच, भाड्याचे. सकाळच्या विमानाने यायचे आणि संध्याकाळच्या विमानाने जायचे. एका विभागप्रमुखाने तर आपला विभाग कोणत्या मजल्यावर आहे ते लिफ्टमनला विचारलं होतं. शिकवणारे खोटे, पेशंट खोटे, खरी फक्त फी. आणि बाहेर पडणाऱ्याला आपण हात जोडून डॉक्टरसाहेब म्हणायचं.

तर टॉपर बस घेऊन निघाला. शेवटच्या वस्तीवर एक गवंडी चढला. तिशीचा असेल. वाकून चालत होता, एक हात पोटावर.

"साहेब, ही हॉस्पिटलचीच बस ना?"

"हो, चढ लवकर."

"नाही, तीन दिवस पोटात दुखतंय. म्हटलं अनायासे दाखवून होईल."

टॉपर खो खो हसला. "अरे वा! ॲक्टिंग उद्या कर रे, आत्ता कोणी बघत नाहीये." सगळी बस हसली. सगळे हसतात तर आपण कसं नाही हसायचं म्हणून तोही बिचारा थोडा हसला.

लक्षात आलं का? सगळ्या बसमध्ये खरा पेशंट तेवढा एक. बाकीचे मजुरीसाठी आलेले आणि हा इलाजासाठी. हॉस्पिटलची बस दारात आलीय म्हटल्यावर त्याला वाटलं, आता आपण सुटलो.

रात्री वॉर्डात त्याने दोनदा टॉपरला हाक मारली. टॉपर पुढच्या परीक्षेचे प्रश्न सोडवत होता, टॅबवर. मान वर न करता म्हणाला, "मस्त जमतंय तुला. उद्या साहेब आले की असंच कण्ह." सकाळी इन्स्पेक्शनचे साहेब आले तेव्हा गवंडी कण्हायचा थांबला होता. नुसता पाय पोटाशी घेऊन पडून होता, कपाळावर घाम. टॉपरने पोपटासारखं सांगितलं, "सर, अपेंडिक्सची केस, पेशंट स्टेबल." साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेले. माणूस आहे ना खाटेवर? झालं तर.

संध्याकाळी सगळे बसमध्ये बसले, हा उठलाच नाही. अपेंडिक्सच होतं, पोटात फुटलेलं. टॉपर अंदाजाने बोलला ते खरं निघालं बघ! डॉक्टरांनी भरलेल्या इमारतीत तो माणूस रात्रभर आणि दिवसभर तळमळत होता, आणि एकानेही त्याच्या पोटाला हात लावला नाही. पोट लाकडासारखं कडक झालं असणार. आंधळ्यालाही समजलं असतं, फक्त हात लावायला हवा होता. मला अजून संताप येतो.

पुढे काय होणार? आणला तेव्हाच संपला होता असं ठरलं. त्याच बसने त्याला घरी पोचवलं. त्याची बायको दारात उभी होती, टॉपर खाली उतरलासुद्धा नाही. कॉलेजला परवानगी मिळाली, वर सीटाही वाढवून मिळाल्या. त्यातलीच एक सीट टॉपरला मिळाली. कशातली, विचार. सर्जरीतली. लोकांची पोटं फाडायची.

हसू नकोस. पुढचं ऐक.

वर्ष गेलं. पुन्हा मार्च, पुन्हा दुसरा मंगळवार, दुसऱ्या दिवशी पुन्हा इन्स्पेक्शन. सर्जरीच्या वॉर्डात रात्रीची ड्युटी टॉपरची. बसमधून आणलेली माणसं जेवून घोरत होती. सिस्टर खालच्या मजल्यावर गेली होती. टॉपर टेबलाशी, टॅब उघडून.

खिडकीकडच्या टोकाहून आवाज आला.

"डॉक्टर... दुखतंय."

"उद्या, उद्या," टॉपर म्हणाला. सवयीने.

थोडा वेळ गेला.

"डॉक्टर..."

आता मात्र तो वैतागला. मोबाइलचा टॉर्च लावून तरातरा गेला. शेवटची खाट. भिंतीकडे तोंड करून कोणीतरी पडलं होतं. हिरवा गाऊन. गुडघे पोटाशी. हाताला डकवलेली नळी.

"काय रे, झोपत का नाहीस?"

टॉपरने टॉर्च त्याच्या पाठीवर मारला.

"तुझ्याशी बोलतोय मी."

त्या माणसाने तोंड फिरवलं नाही. भिंतीशीच बोलला. सावकाश. शांत.

"वर्ष झालं, साहेब. अजून कोणी बघितलं नाही."

टॉपरची पाचावर धारण बसली. तो मागे सरणार... पाय हलेनात. वॉर्डातलं घोरणं थांबलं होतं. सगळ्यांचं. एकदम.

"बघा ना, साहेब."

टॉपरने हात पुढे केला. भीतीनेच केला. अर्ध्यावर थांबला.

कारण त्याला येत नव्हतं, बाळ. पोटात उजवीकडे दुखण्याची कारणं विचार, घडाघडा म्हणून दाखवेल. पण हात ठेवायचा कुठे? पंजा टेकवायचा की बोटं? किती दाबायचं? परीक्षेला प्लॅस्टिकचं पोट होतं. बरोबर जागी दाबलं की बीप वाजायचं. तेही बंद पडलेलं, म्हणून सगळ्यांना पास केलं होतं.

हात तसाच. हवेत.

"येत नाही?"

...

"साहेब, येत नाही का?"

"नाही," टॉपर म्हणाला. त्या इमारतीत खरं बोललेला त्याचा पहिला शब्द असेल.

खाट करकरली. तो माणूस उठून बसला.

"सोपं असतं," तो म्हणाला. "मला आता सगळं कळतं. शर्ट वर करा."

आणि टॉपरने... केला.

"इथं."

बोटं टेकली.

"आधी असं हळू."

...

"मग खोल."

...

"आणि आता सोडतो. सोडताना कळतं खरं."

...

ती किंकाळी खालच्या मजल्यावर सिस्टरने ऐकली. धावत वर आली तर टॉपर फरशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. सगळा वॉर्ड उठून बसलेला. शेवटच्या खाटेवरची चादर सकाळी घातली तशीच, एक चुणी नव्हती तिच्यावर.

"स्वप्न पडलं असेल," असं तुझ्या भावाच्या मनात आलं ना? मलाही तसंच वाटलं होतं.

पण त्याचं दुखणं राहिलं. त्या रात्रीपासून पोटात उजवीकडे कळ. दाबलं की दुखतं, सोडलं की जीव जातो. टॉपर पोटाच्या एका मोठ्या डॉक्टरकडे गेला. सोनोग्राफी झाली. दुसऱ्याकडे गेला, सीटी स्कॅन झाला. तिसऱ्याने स्क्रीनवर रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, सगळं नॉर्मल आहे, तू जरा ताण कमी घे. चौथा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "असं दुखत असतं तर तू इथे चालत आला नसतास. नाटकं करू नकोस." यांना हात लावायला कोणी शिकवलेलं नाही आणि शिकवलं असेल तर यांना लाज वाटते. माझ्याच धंद्यातली माणसं आहेत ही, म्हणून जास्त किळस येते.

शेवटी तो माझ्याकडे आला. मित्राने हाताला धरून आणला. डोळे खोल गेलेले, एक हात पोटावर, वाकून चालत होता. फाइल पुढे केली. मी बाजूला ठेवली आणि म्हटलं, आडवा हो, शर्ट काढ.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काका, एवढ्या जणांत कोणीच शर्ट काढायला सांगितला नव्हता." आणि हुंदके देऊन रडायला लागला.

रडू दिलं त्याला. मग मी दिवा जवळ ओढला.

पोटावर, उजवीकडे खाली, चार बोटं उमटलेली होती. निळीकाळी. रुंद, टोकांना चिरा पडलेली... सिमेंटमध्ये काम करणाऱ्याची असतात तशी. मी तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि हात ठेवला. पोट मऊ होतं. उबदार होतं. माणसाचं असतं तसं.

ती चार बोटं गार होती.

तीन वर्षं झाली. दर महिन्याला येतो तो. मी हात ठेवून बघतो.

अजून गारच आहेत.