सुलक्षणाच्या खोलीतली शेगडी

त्या संध्याकाळी लीलाधरनाना घराबाहेर पडले होते ते फक्त बाळंतशेपा आणायला. शिरपुरात थंडी कडाक्याची पडली होती. घरी मागच्या खोलीत बाळंतपणाला आलेली लेक सुलक्षणा, तिचं तान्हं बाळ आणि बाजेशेजारी कोळशाची शेगडी.

नाना पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. शेगडीला त्यांनी बॅटरीवरचा छोटा पंखा बसवला होता आणि खुंटीला तापमान मोजणारी एक डबी टांगली होती. खोली गारठली की डबी पंखा फिरवी, निखारे फुलत. पुरेशी ऊब झाली की पंखा थांबे. आकडे नानांच्या फोनवर दिसत, तिथूनच कमी-जास्तही करता येत.

"बाळंतिणीले शेक देवाले आते फोन लागस का?" कुंदाबाई नवऱ्याला चिडवत.

दार किलकिलं ठेव, कोळशाचा वायू वाईट, असं बायकोला बजावून नाना निघाले. आपण खरंच बजावलं, की नुसतं मनात म्हटलं? ही शंका त्यांना गल्लीच्या टोकालाच आली.

दुकानात त्यांनी फोन पाहिला. अठरा. लेकीच्या मायेनं त्यांनी सव्वीस लावलं. आकडा हलेना. अठ्ठावीस लावलं. पंखा फिरतोय, तरी अठराच...

त्यांनी कुंदाबाईंना फोन केला.

"मी शेजारे दूध लेवाले येल शे. दार घट्ट लायेल शे, खाले गोधडी बी. पोरले वारा नको लागाले."

"आणि डबी?"

"तिनावर दुपटं वाळाले टाकेल शे. खुंटी तेवढी एकच ना!"

ओल्या दुपट्याखाली डबीला खोली गारच वाटणार. आणि बंद खोलीतले निखारे ते स्वतःच बाजारातून फुलवत होते.

ते धावत सुटले. गल्लीत दिवेलागण झाली होती, चुलींचा धूर जमिनीलगत साचला होता. "सुलू... ए माय..."

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. गोधडी नीट घडी करून बाजूला ठेवलेली. सुलक्षणा उघड्या खिडकीशी बाळाला घेऊन बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली. बाळानं जांभई दिली. नानांनी दोघांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग पुन्हा लावून पाहिला.

"शेगडी कुठंय, बेटा?"

"ती बाई घेऊन गेली ना... मला वाटलं, आईनं बोलावलेली."

दूध घेऊन आलेल्या कुंदाबाई दारातच थबकल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सुलक्षणा पुढं सांगू लागली.

"डोक्याला फडकं बांधलेलं, माझ्यासारखंच. कडेवर बाळ. तिनं दार उघडलं, मला इथं बसवलं. म्हणाली, 'तुना लेकरूले ऊब शे. मना लेकरूले थंडी वाजी ऱ्हायनी. शेगडी लई जास मी.' तापलेली शेगडी नुसत्या हातानं उचलली, नाना... डबीपण नेली. तिचं बाळ... हललं नाही हो."

नानांनी फोन पाहिला. पंखा चालू होता. आकडा चढत होता. एकोणीस... वीस... एकवीस...

बंद करायला त्यांनी बोट नेलं. नेलेलं बोट तसंच राहिलं. कुठंतरी एक लेकरू गारठलं होतं.

त्या यंत्राला ऐकू येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरीही फोन तोंडाशी नेऊन ते हळूच म्हणाले, "दार जरा उघडं ठेव, माय..."

आकडा थांबला. मग एकानं उतरला.