टायरात हवा किती?

चढावर शेवंताच्या पुढे कोणी जात नसे. पाय मजबूत, दम दांडगा, सायकलीचे ब्रेकही नवे. तरी डोंगर उतरताना मुरमाच्या वळणावर ती हमखास आपटायची. असं का व्हावं?

आज या प्रश्नाचं उत्तर मिळायलाच हवं होतं. धुकं दाटलं की ड्रोन उडत नाहीत. तेव्हा वरच्या वाड्यांना औषधं पोचवायला सायकलस्वारांचं एक पथक होतं. त्यात जायचं, तर पाय न टेकता तो उतार उतरून दाखवायचा. शेवंता सकाळपासून दोनदा पडली होती. पथकाच्या प्रमुख राऊतबाई म्हणाल्या होत्या, "चहा होईपर्यंत दम खा. मग एकदाच. शेवटचं."

उताराच्या माथ्यावर शेवंता गुडघ्याची माती झटकत बसली. जवळ तिचे आबा होते आणि पथकाचा यंत्रमानव होता. त्याच्या पोटाला पोचे आलेले, म्हणून मुलं त्याला पत्र्या म्हणत.

पत्र्यानं वाकून टायर दाबलं. "यात हवा कोणी भरली?"

"मी," आबा छाती काढून म्हणाले. "रोज पहाटे भरतो. बोट मारलं की टण्ण वाजलं पाहिजे. तरुणपणी दुधाचे कॅन लादून सायकल हाणलीय मी. टायर कधी बसू दिलं नाही."

"तो रस्ता डांबरी होता का, आबा?"

"मग काय ढगातला होता?"

पत्र्यानं मान डोलावली. त्यानं पुढचं चाक ओलं करून सपाट कातळावर टेकवलं आणि शेवंताला सायकलीवर बसायला सांगितलं. ती उतरल्यावर चाक उचललं. कातळावर बोराएवढा ओला डाग होता.

"एवढ्याच जागेवर तू जमीन धरतेस," तो म्हणाला, आणि व्हॉल्व्ह दाबून त्यानं फुस्स करून हवा सोडली.

"अरे, अरे! माझा घाम निघालाय त्या हवेसाठी!" आबा ओरडले.

चाक पुन्हा ओलं करून त्यानं शेवंताला बसवलं. आता डाग विड्याच्या पानाएवढा उमटला.

"वजन तेच, मग डाग मोठा कसा?" शेवंतानं विचारलं.

"तुझं वजन टायरातल्या हवेच्या दाबानं (जागेच्या प्रत्येक तुकड्यावर पडणाऱ्या जोरानं) तोललं जातं. दाब जास्त असला की थोडी जागा पुरते. दाब कमी केला की तेच वजन तोलायला जास्त जागा लागते. म्हणून टायर चपटं होऊन पसरतं. आबा, मूठ आवळून खड्यांवर ठेवा आणि पुढे ढकला."

आबांची मूठ खड्यांवरून घरंगळत गेली.

"आता पंजा सैल सोडून, थोडा दाबून ढकला."

बोटं खड्यांच्या मधे शिरली. हात जागीच अडला. आबा हाताकडे बघतच राहिले.

"सैल टायर असंच खड्यांना कवेत घेतं," पत्र्या म्हणाला. "त्यामुळे पकड वाढते. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतं. उडालं की जमीन सुटते, आणि मग घर्षण (घसरण्याला होणारा विरोध) कुठून मिळणार? चाक हवेत असलं तर नवे ब्रेक काय करतील?"

"म्हणजे मी पोरीला पाडत होतो," आबा पुटपुटले.

"नाही हो. डांबरावर ओझं न्यायला तुमचं टायर बरोबरच होतं. इथली जमीन वेगळी आहे, एवढंच."

शेवंतानं घाईनं आणखी हवा सोडली आणि एका दगडावरून सायकल नेली. ठक्! टायर पार दबलं आणि धातूची कड दगडावर आदळली.

"बघ, आता ट्यूब चिमटून फाटली असती," आबा म्हणाले. "आण तो पंप." त्यांनी थोडी हवा भरली, अंगठ्यानं चाचपलं, आणखी थोडी भरली. पत्र्यानं दाब मोजला आणि बोट वर करून पसंती दिली.

"आता बाकीचं तुझं," तो शेवंताला म्हणाला. "ढुंगण मागे, कोपरं सैल. ब्रेक वळणाच्या आधी. आणि दरीकडे बघू नकोस. मान जिकडे वळते तिकडे खांदे वळतात, मागोमाग सायकल. वळण जिथं संपतं, तिथं बघ."

"दरीत काय आहे ते मला ठाऊक आहे. दोनदा बघून आलेय," शेवंता म्हणाली.

बाईंनी खालून शिट्टी वाजवली.

शेवंता सुटली. सकाळी खडखडणारी सायकल आता खसखसत चालली होती. सीटवरून अर्धवट उठून राहिल्यानं मांड्या भरून आल्या, पण चढांनी कमावलेले पाय टिकले. वळणाआधी तिनं ब्रेक हलकेच दाबले. मागचं चाक किंचित सरकलं. नजर मात्र तिनं पलीकडच्या करवंदीच्या जाळीवरून हलवली नाही. चाकानं मुरूम पकडला आणि सायकल वळली. पाय टेकला तो थेट बाईंच्या पुढ्यात.

"उद्यापासून औषधांची पिशवी तुझ्या पाठीवर," बाई म्हणाल्या.

आबा पत्र्याचा हात धरून सावकाश उतरून आले. त्यांनी शेवंताच्या पाठीवर थाप मारली, मग पत्र्याला विचारलं, "चंद्रावर वस्ती करणार म्हणतात. तिथं हिनं सायकल नेली तर हवा किती भरायची रे?"

पत्र्या बोलायच्या आत शेवंता म्हणाली, "थांब, मी सांगते. तिथं माझं वजन सहाव्या हिश्श्याएवढंच भरेल. एवढ्याशा वजनानं टायर चपटं कसं होणार? म्हणजे इथल्यापेक्षा खूपच कमी!"

"विचार बरोबर आहे," पत्र्या म्हणाला. "फक्त तिथल्या थंडीत रबर कडक होऊन तडकेल. तारेच्या जाळीचं, हवेशिवायच दबणारं चाक लागेल."

"मग ते किती मऊ विणायचं?"

"ते अजून कोणीतरी शोधायचं आहे."

"कोणीतरी कशाला?" शेवंता म्हणाली, आणि कुंपणाची गंजकी तार बोटानं दाबून बघू लागली.