उलट्या पात्याची तलवार

दार उघडलं, तर समोर एक तरुण, खांद्यावर हत्यारांची पिशवी नि कपाळावर घाम.

"सकाळपासून वाट बघतेय तुमची," मी म्हटलं. "चला, नळ आत आहे."

बिचारा मुकाट आत आला. ओट्याखाली वाकला, काहीतरी पिळलं, मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "मी खरं तर... तलवारींसाठी आलोय. संग्रहालयातून."

"मग नळाला हात कशाला लावलात?"

"तुम्ही इतक्या रागात होतात... नाही म्हणायचा धीरच झाला नाही."

काकू पोट धरून हसत सुटली.

काका जहाजावर मेकॅनिक होते. इंडोनेशियाच्या बेटाबेटांवरून त्यांनी तलवारी आणल्या, पण नावं कुठेच लिहिली नाहीत. ते गेल्यावर काकूनं त्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. आधी प्रत्येक तलवार ओळखायची होती. नाव तो सांगायचा, मी चिठ्ठीवर लिहून मुठीला बांधायची.

"टोकाकडे रुंद होत जाते ना? क्लेवांग."

"आणि ही?"

"निआस बेटावरची बालातो. म्यानाला वेताचा गोळा बघा, त्यात ताईत म्हणून जनावरांचे दात."

"शी! लागला की बोटाला!"

"बघू—" लागलं काहीच नव्हतं. तरी बोट धरून तो बघतच राहिला...

बिननावाच्या तलवारी कमी होत गेल्या तशी मी सारखी उरलेल्या मोजू लागले. दूध उतू गेलं. चिठ्ठीच्या गाठी मी मुद्दाम सैल बांधू लागले. सुटल्या, तर पुन्हा यावं लागेल ना त्याला?

"बूड टेकत नाही गं तुझं एका जागी," काकू म्हणाली. नजर मात्र त्याच्याकडे.

शेवटी एकच उरली, काकांची सगळ्यात लाडकी. संध्याकाळी गाडी तलवारी नेणार होती. त्यालाही.

"शिंगाची मूठ... म्हणजे बोर्निओची मंडाऊ," तो म्हणाला. मग पातं उजेडात फिरवलं. "पण मंडाऊचं पातं एकीकडून खोलगट, दुसरीकडून फुगीर असतं. हिचं नेमकं उलटं आहे. नक्कल करणारा चुकला असावा. ही नेता येणार नाही."

काकूचा चेहरा उतरला. "फसवलं का रे ह्यांना कुणी?"

माझं डोकंच फिरलं. "आणा इकडे!" उचलली, तर कशी अलगद बसली हातात! "उलटी कुठाय? मला तर सरळच वाटते."

तो बघत राहिला. "डावा हात..."

"काय शोध लावलात! मग इतक्या चिठ्ठ्या कुठल्या हातानं लिहिल्या?"

"माहितेय हो. आल्यापासून त्या हाताकडेच तर बघतोय..." त्याचे कान लाल झाले. "म्हणून तलवारीकडे नीट बघितलं नाही. अस्सल आहे ही. डावखुऱ्यासाठी घडवलेली."

काकूनं डोळे टिपले. "हे म्हणायचे, ती आपल्या पोरीची आहे. मला वाटायचं, लाडानं म्हणतात. राहू दे ती इथंच."

बाहेर हॉर्न वाजला. त्यानं पिशवी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"पात्याला तेल लावावं लागतं... अधूनमधून येईन म्हणतो."

"तेल मी लावीन. नळाचं काय? तुम्ही हात लावल्यापासून जास्तच गळतोय."

"उद्या येतो."

"नळासाठी?"

"नाही." त्यानं पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला. "तुझ्यासाठी."

तुझ्यासाठी... हॉर्नवर हॉर्न वाजत होते. एक चिठ्ठी उरली होती. तिच्यावर मी डाव्या हातानं 'उद्या' लिहिलं आणि त्याच्या पिशवीच्या पट्ट्याला बांधली. या खेपेला गाठ अगदी घट्ट मारली.