आत कोण बसतं?

मंद्रूपच्या रस्त्यावर माझी गाडी कायमची बसली. आधी आतून लोखंड आपटल्यासारखा आवाज आला, मग सगळीकडं तेलाचा वास, आणि मग ज्वारीच्या रानातली शांतता. मी शिवणयंत्रांचा एजंट. मागच्या सीटवर दोन यंत्रं होती आणि सोबत कुणी नव्हतं. शेवटी एका शेतकऱ्यानं बैल जुंपून गाडी सोलापुरात ओढत आणली. वाटेत भेटेल तो बैलांचं कौतुक करत होता.

"साहेब, इंजन फुटलं," स्टेशनाजवळचे नबीसाब मिस्त्री म्हणाले. "आता हिच्यात कायबी राहिलं न्हाय. दुसरी बगा."

नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुन्यांत एकीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालून बसली होती. दुसरीचा मालक गाडी दाखवायचा आणि विकायचं नाव काढलं की रुसायचा. अखेर नबीसाबांनी अक्कलकोटची एक गाडी आणली. तेलाचे व्यापारी चनबसप्पा वारले होते आणि त्यांच्या बायकोला ती दारात नको होती.

तेव्हाची गाडी सुरू करायला खरं तर दोन माणसं हवीत. एकानं पुढं उभं राहून हँडल मारायचं, दुसऱ्यानं आत बसून स्टिअरिंगखालची छोटी दांडी सांभाळायची. हँडल मारताना दांडी वर हवी. इंजिन धरलं की ती हळूच खाली घ्यायची. आधीच खाली असली तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. माझ्या जुन्या गाडीत हेमावती बसायची. माझी बायको. परवाच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. तेव्हापासून मी दांडी वर करायचो, हँडल मारायचो आणि धावत आत यायचो. शेजारच्यांची तेवढीच करमणूक.

या गाडीसाठी मला धावावं लागलं नाही. हँडल मारलं, इंजिन धरलं, आणि मी दारापाशी पोचायच्या आत त्याचा आवाज सुतासारखा सरळ झाला. पाहिलं तर दांडी खाली होती. हादऱ्यानं उतरली असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी दांडी वरच सुतळीनं बांधून पाहिली. इंजिन धरलं तेव्हा सुतळी सुटून सीटवर पडली होती. गाठ सोडवलेली होती, तुटलेली नव्हती.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. घरी परतल्यावर कुलूप मीच उघडायचो, दिवा मीच लावायचो. पण सकाळी हँडल मारताना आत कुणीतरी होतं. मी अबोलीचा गजरा आणून सीटवर ठेवू लागलो. वाटेनं बोलू लागलो. एकदा म्हटलं, "सगळं तसंच करतेस, पण तयार झालीस की दोनदा हॉर्न वाजवायचीस, तेवढं का नाही करत?"

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला काम होतं. संध्याकाळी चनबसप्पांच्या घरी डोकावलो. गाडी छान चालतेय एवढंच सांगायचं होतं. खरं म्हणजे कुणाला तरी सांगायचं होतं.

त्यांच्या बायको सुंदरम्मा ओसरीवर बसल्या होत्या. "सुरू कशी करता?" त्यांनी विचारलं.

"हँडलनं."

"आत कोण बसतं?"

"कुणी नाही."

त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. मनगट वाकडं जुळलं होतं.

"आमचे मालक बसायचे की आत. हँडल मी मारायची. लई दिस नीट सुरू करून दिली बगा. मला वाटलं, माणूस सुदारला."

"मग?"

"माझा भरवसा बसल्याव एक दिस दांडी खालीच ठिवली. आन् हसले." त्यांनी गाडीकडं पाहिलं नाही. "गेले ते बी त्याच सीटवर बसून. गडी बोलावते. ढकलून सुरू करतील. हँडल मारू नका."

गडी आले असते. ढकललं असतं तरी गाडी सुरू झाली असती. पण मग ती सीट रिकामी आहे, किंवा रिकामी नाही, यातलं एक मला मान्य करावं लागलं असतं. घरी पुन्हा कुलूप होतं.

"नको," मी म्हटलं.

दांडी वर केली. हात लावून पुन्हा खात्री केली. पुढं आलो, हँडल बसवलं.

काचेवर मावळतीचा उजेड होता. आतलं काही दिसत नव्हतं.

हॉर्न वाजला. हळूच. दोनदा.

ही खूण फक्त मला ठाऊक होती. आणि काल मी जिला सांगितली तिला. किंवा ज्याला सांगितली त्याला.

"सोडा ते!" सुंदरम्मा ओरडल्या.

मी हँडल मारलं.

अक्षर वाईट आलंय, सांभाळून घ्या. डाव्या हाताला अजून सवय नाही. गाडी मी विकलेली नाही. गजरा रोज नेऊन ठेवतो.