हेरेची ओटी

तिकिटाच्या खिडकीतून दोन तिकिटे आणि दोन पूर्वदर्शी चष्मे बाहेर आले. त्यातला एक चष्मा अविनाश बोंद्रे यांनी परत आत सरकवला.

"मला नको. मला मोडकंच बघायचंय," ते म्हणाले.

त्यांच्या कानातल्या दुभाष्याने या वाक्याचे ग्रीकमध्ये काय केले देव जाणे. खिडकीतल्या माणसाने खांदे उडवून उत्तर दिले आणि दुभाषी पुस्तकी मराठीत म्हणाला, "महोदय, चष्मा विनामूल्य आहे."

"फुकट आहे म्हणून तरी घ्या हो बाबा. खिशात राहू द्या," गार्गी म्हणाली आणि तिने दोन्ही चष्मे उचलले. अविनाशरावांची ती एकुलती एक मुलगी. आईला जाऊन चार वर्षे झाली तरी बाबांना ग्रीसचे तेच एक देऊळ पुन्हा पाहायचे आहे, हे कळल्यावर तिने रजा काढून तिकिटे केली होती.

गेल्या दहा वर्षांत जगातली सगळी भग्न देवळे पुन्हा उभी राहिली होती. एक दगडही न हलवता. रेणुवाचक नावाचे यंत्र आले होते. ते दगडावरून प्रकाशाची बारीक तिरीप फिरवायचे आणि दगडाच्या रंध्रांत अडकून राहिलेले कण ओळखायचे. रंगाचा कण, दिव्याच्या तेलाचा, धुपाच्या धुराचा, माणसाच्या हातावरच्या घामाचाही. त्या कणांवरून जुने दृश्य जुळवायचे आणि चष्म्यात दाखवायचे. चष्मा घातला की छत, रंग, मूर्ती, पुजारी सगळे हजर. काढला की पुन्हा दगडधोंडे. साहजिकच चष्मा कोणी काढत नसे.

टेकडीवर पोचल्यावर अविनाशरावांना हसूच आले. तीसेक प्रवासी माना वर करून निळ्या आकाशाकडे बघत होते आणि तिथल्या नसलेल्या छताचे कौतुक करत होते. एक गृहस्थ तर नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून आत गेले. खरे देऊळ त्या साऱ्या गर्दीत एकट्या अविनाशरावांनाच दिसत होते. चार खांब उभे होते. बाकीच्यांच्या चकत्या पडल्या होत्या, विळीवर मुळा चिरावा तशा. मधल्या गवतात रानओव्याचा वास होता आणि झाडांवरचे किडे तेव्हासारखेच कानठळ्या बसवत होते.

तेव्हा म्हणजे दोन हजार बावीस साली. करोनाच्या घरकोंडीनंतर वृषालीने हट्टच धरला होता की आता लांब कुठेतरी जायचे. सांगलीहून एका टूरबरोबर ते दोघे निघाले. बसमध्ये चाळीस मराठी माणसे, सोबत स्वयंपाकी, रोज सकाळी पोहे नाहीतर उपमा. गार्गी शाळेत होती, तिला मावशीकडे ठेवले होते. वृषाली उजवा गुडघा दुखत असूनही अख्ख्या प्रवासात कॅनव्हासचे बूट घालून सगळ्यांच्या पुढे चालायची आणि टूर मॅनेजरला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. ही हेरा कोण? ती लग्न सांभाळणारी देवी, असे त्याने सांगितले मात्र, वृषालीचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपलीच की," ती म्हणाली होती. "मग ओटी भरायला हवी."

"अगं, मूर्ती कुठाय इथे?"

"बसायची जागा आहे ना. देवीच्या दारातून तसंच परत जायचं नसतं."

आदल्या संध्याकाळी तिने स्वयंपाक्याकडून मूठभर तांदूळ मागून घेतले होते, तेव्हाच अविनाशरावांनी सावध व्हायला हवे होते. पर्समधून तिने हळदीकुंकवाची डबी काढली, नारळाच्या जागी नाश्त्याचे संत्रे काढले. दगडाला नुसता हात लावला तरी पहारेकरी शिट्टी फुंकत होते. अविनाशराव घाबरले आणि लाजलेही. "लवकर आटप," असे म्हणून ते तिच्याकडे पाठ करून पहाऱ्यावर उभे राहिले. मागे बांगड्यांचा थोडा आवाज झाला, मग ती म्हणाली, "झालं, चला." तिने कशी ओटी भरली, काय म्हटले, हे त्यांनी पाहिलेच नाही. पुढे आयुष्यभर तिने त्यांना यावरून चिडवले आणि त्यांनी चिडवून घेतले. ती गेल्यावर मात्र ही गोष्ट त्यांना सलू लागली. तिचे शेकडो फोटो होते, पण तो एक क्षण कुठेच नव्हता.

मूर्तीच्या चौथऱ्याशी आता सगळ्यांत मोठी रांग होती. गार्गी चष्मा लावून केव्हाच पुढे पोचली होती. तिने वळून बाबांना हाक मारली. तिचा आवाज विचित्र झाला होता.

"बाबा, इकडे या. चष्मा लावा. माझं ऐका, लावाच."

त्यांनी लावला.

आधी रंग अंगावर आले. लाल, निळे, सोनेरी. समोर उंच सिंहासनावर हेरा बसली होती. तिच्या पायाशी लांब झग्यातली, डोक्यावरून पदरासारखे वस्त्र घेतलेली एक बुटकीशी बाई आली. चेहरा स्पष्ट नव्हता. चेहऱ्याचे कण दगडात राहत नाहीत. तिने डावा तळवा चौथऱ्यावर टेकला, उजव्या गुडघ्याला जपत वाकली आणि अनामिकेने चौथऱ्याच्या खाचेत पिवळे बोट लावले, शेजारी लाल. मग तांदूळ वाहिले, डाळिंब ठेवले. उठताना बोटाला उरलेला लाल रंग तिने चौथऱ्याच्या कडेला खालून, कोणाला दिसणार नाही असा पुसला.

ती लकब अविनाशरावांच्या ओळखीची होती. सांगलीच्या घरात देवघराच्या चौकटीला खालच्या बाजूने असाच एक लाल पट्टा होता. रोज पूजा झाली की वृषाली उरलेले कुंकू तिथे पुसायची आणि रंगारी आला की तेवढी जागा सोडायला लावायची.

"आई आहे ना?" गार्गीने विचारले.

त्यांनी मान हलवली आणि तोंड वळवून रडू लागले. दृश्य संपून पुन्हा सुरू झाले. बुटकी बाई पुन्हा आली, पुन्हा तळवा टेकून वाकली. ज्या क्षणाकडे त्यांनी पाठ केली होती, तो आता हवा तितक्या वेळा पाहता येत होता.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" कानात दुभाषी बोलला. शेजारी पिकल्या केसांची एक बाई उभी होती. तिचे नाव थेओदोरा, या जागेची ती पुरातत्त्वज्ञ. तिने त्यांना सावलीतल्या दगडावर बसवले, पाणी दिले. हे लोक भारतातून आले आहेत हे कळल्यावर तिचे डोळे चमकले.

"मी कितीतरी दिवस तुमच्याकडच्या माणसांची वाट बघत होते. ही पिवळ्या बोटांची बाई आमचं मोठं कोडं आहे. ती हळद आहे हो. लाल आहे तीही हळदच, चुन्यानं लाल केलेली. तांदळाचे कणही सापडलेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या देवळात!"

"हळद ऊन लागलं की उडते," गार्गी सावधपणे म्हणाली.

"म्हणून तर! ती खाच दगडाच्या पोटात आहे, अंधारात. वर माती आणि क्षारांचा पापुद्रा बसला होता. बोट कुठल्या कोनातून ओढलं, तळव्याचा घाम कुठे उमटला, यावरून आम्ही तिची उंची काढली, वाकण्याची लकब काढली. डाळिंब मात्र आमच्या पदरचं. तिथे काहीतरी गोल ठेवलेलं होतं, इतकंच कळलं."

"आणि वय? हे इतकं जुनं आहे, हे कशावरून?" अविनाशरावांनी विचारले.

"कण इतके थोडे आहेत की त्यांचं वय काढता येत नाही. पण आजकालचं कुंकू रसायनाचं असतं, ते असतं तर लगेच कळलं असतं. शिवाय अलीकडे कोण कशाला इथे हळद आणेल? सध्या हे इथे चाचणीपुरतं दाखवतो, पुढच्या महिन्यात पुरातत्त्व समितीपुढे ठेवणार आहोत. भारतातली एक बाई समुद्रमार्गे इथे आली आणि तिनं हेरेची पूजा केली, असं पुस्तकांत जाईल. तुमच्याकडे अशी काही रीत आहे का?"

वृषालीचे कुंकू रसायनाचे नव्हतेच. बाजारचे कपाळाला खाजते म्हणून तिची आई सांगलीची हळद आणून घरी कुंकू करायची आणि लेकीला डबी भरून द्यायची. एवढा मोठा घोळ त्या डबीने केला होता.

"ते जुनं नाहीच असं ठरलं तर?" गार्गीने विचारले.

"तर ती बाहेरची घाण. दगड स्वच्छ करायचा आणि पुनर्रचना पुसून टाकायची. प्रतसुद्धा ठेवत नाहीत. खोटा इतिहास एकदा बाहेर गेला की आवरत नाही, म्हणून नियम कडक आहे." थेओदोरा उठली. "बसा तुम्ही. मी रांगेकडे बघून येते."

ती लांब जाताच गार्गीने बाबांचा हात धरला. "काही बोलू नका. रीत आहे म्हणून सांगा आणि गप्प बसा. कोणाचं काय बिघडतंय? आई इथे राहील. मला वाटलं तेव्हा मी येऊन बघेन. मी चार वर्षांनी तिला चालताना बघितलं, बाबा."

"मीही."

"मग?"

अविनाशरावांची उभी हयात मोजणी खात्यात गेली होती. हद्दीचा दगड जिथे आहे तिथेच आहे, असे म्हणून त्यांनी सख्ख्या साडूशी वाईटपणा घेतला होता. तो साडू पुढे वृषालीच्या दहाव्यालाही आला नाही. आणि आता त्यांच्याच बायकोचे एक बोट दोन हजार वर्षे मागे सरकवले गेले होते. त्यांनी नुसते गप्प राहायचे होते.

"गार्गी, ती बाई दोन हजार वर्षांपूर्वीची ठरली, तर ती तुझी आई उरेल का? नाव नाही, गाव नाही. कोणीतरी एक. पुस्तकात तिच्या नवऱ्याला खलाशी करतील."

गार्गीला रडता रडता हसू आले. "पुसून टाकली तर तेवढीही उरणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मला ते माहीत नाही असं वाटतं का तुला?"

त्यांनी पुन्हा एकदा चष्मा लावला. वृषाली आली, गुडघ्याला जपत वाकली, बोट पुसून उठली. त्यांनी हे शेवटचे म्हणून पोटभर पाहिले. मग ते उठून थेओदोराकडे गेले आणि त्यांनी सगळे सांगितले. टूर, डबी, मूठभर तांदूळ, संत्रे, देवघराची चौकट. गार्गीने पाठ फिरवली नाही; ती शेजारी येऊन उभी राहिली आणि दुभाषी अडला तिथे इंग्रजीत समजावत राहिली.

थेओदोराची आठ वर्षांची मेहनत एका संत्र्यापायी मातीत गेली होती. तिने एकच विचारले, "ती गंमत करत होती का? प्रवासी करतात तशी?"

"नाही हो. तिनं गमतीनं कधी कुठल्या देवीची ओटी भरली नाही. घरासाठी, आमच्यासाठी काहीतरी मागितलं असणार. काय ते मला सांगितलं नाही."

थेओदोरा चौथऱ्याकडे बघत राहिली. "हे देऊळ बंद पडल्याला सोळाशे वर्षं झाली," ती हळू म्हणाली. "त्यानंतर इथे माणसं आली ती बघायला आली. मी रोज येते, मीही बघायलाच येते. हेरेकडे काही मागायला आलेली ती एकटीच दिसते." ती त्यांच्याकडे वळली. "मी खोटं पुसायला बांधलेली आहे. पण हे खोटं नाही. आमचा काळ चुकला, बाई नाही चुकली. मी समितीला सांगणार की तिला पुसू नका, तिच्या खऱ्या सालात ठेवा. हेच मोडकं देऊळ, याच चार खांबांमध्ये ती. मानतील की नाही, सांगता येत नाही."

गार्गीने तोंडावर हात दाबून धरला. थेओदोराने मनगटावरची नोंदपट्टी चालू केली. "मला तुमची साक्ष लागेल. जे दगडात नाही, ते साक्षीवरून भरायचं असतं, आणि तुम्ही सांगाल ते तसंच राहील. तिचे कपडे?"

"निळा पंजाबी ड्रेस. कॅनव्हासचे बूट. हातात हिरव्या बांगड्या, चार-चार." हे सांगताना ते थोडे हसलेही.

"संत्रं कुठल्या हातात होतं?"

"डाव्या बगलेत पर्स, पर्समध्ये संत्रं."

"आणि तुम्ही? तुम्हीही दिसाल ना तिच्यासोबत. तुमचा मात्र दगडावर एकही कण नाही, त्यामुळे मला काहीच कळत नाही. तुम्ही कुठे उभे होता? तिच्याकडे बघत होता ना?"

अविनाशरावांनी चौथऱ्याकडे पाहिले. गार्गी त्यांच्याकडे बघत होती. ती गोष्ट तिला आईने कितीदा हसत हसत सांगितली होती, पण ती आता काही बोलणार नव्हती. हद्दीचा दगड एवढासाच सरकवायचा होता. ज्या माणसाने आताच खरे सांगून बायको पणाला लावली होती, तो आता त्या दृश्यात तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, तर त्यात खोटे किती आणि राहून गेलेले खरे किती?